सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण : कोणासाठी व कशासाठी?



सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणावर बोलण्याचे काम व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्यासारख्या कामगार संघटनेतल्या माणसाकडे सोपविले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. असा विषय एखाद्या डॉक्टरने अगर विद्यापीठातील प्राध्यापकाने मांडावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. आम्ही डॉक्टर नाही आणि विद्यार्थी म्हणून कोणत्याही विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु गेली तीस वर्षे फाउंड्री, दगडखाण आणि यंत्रमाग येथील माणसांत वावरताना एक गोष्ट आमच्या पुरती ध्यानी आली आहे. मजुरीच्या करारासाठी संघटना जितक्या तयारीने भांडते, तितक्या तयारीने तिला आपल्या माणसांच्या फुप्फुसांसाठी भांडता येत नाही. याचे कारण उघड आहे. मजुरीचा हिशेब संघटनेला मांडता येतो. आजाराचा हिशेब मांडणारा माणूस तिच्याजवळ नसतो.

हा आजाराचा हिशेब पद्धतशीरपणे शिकविणारी एक स्वतंत्र विद्याशाखा आहे. तिच्या पदवीला ‘मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ’, म्हणजे थोडक्यात एम.पी.एच., असे म्हणतात. आपल्याकडे हा अभ्यासक्रम साधारणतः दोन वर्षांचा असतो. त्यात काय शिकवितात, ते शिकून माणसाला काय करता येते व काय करता येत नाही आणि तुमच्या-आमच्या घरच्या मुलामुलींनी तिकडे वळावे की काय, एवढ्याच प्रश्नांचा आज आपण विचार करू.

डॉक्टरचा रोगी आणि वस्तीचा रोग

प्रथम एक भेद स्पष्ट करून घेतला पाहिजे. डॉक्टरपुढे एक रोगी येतो. त्याची नाडी पाहून, छाती तपासून, रक्त-लघवीचे अहवाल पाहून डॉक्टर विचारतो, ‘हा माणूस कशाने आजारी पडला, आणि याला बरा कसा करावा?’ सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक याहून निराळा प्रश्न विचारतो. ‘या आळीत इतकी माणसे आजारी का पडतात, आणि पलीकडच्या आळीत इतकी कमी का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर रोग्याच्या शरीरात सापडते. दुसऱ्याचे उत्तर पाण्याच्या नळात, गटारात, कारखान्याच्या खात्यात, घराच्या भाड्यात किंवा पगाराच्या पाकिटात सापडण्याचा संभव अधिक असतो. दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. परंतु एकाचे उत्तर देण्याचे शिक्षण घेतल्याने दुसऱ्याचे उत्तर आपोआप देता येत नाही. म्हणूनच या दुसऱ्या प्रश्नासाठी निराळे शिक्षण निघाले.

त्याचा उगम समजण्यासाठी १८५४ सालच्या लंडनमध्ये जावे लागेल. त्या वर्षी तेथे पटकीची मोठी साथ आली होती. घाणेरड्या हवेने पटकी होते, असे त्या काळचे बहुतेक विद्वान मानीत. जॉन स्नो या डॉक्टराचे म्हणणे असे की पटकी पाण्यातून पसरते. परंतु म्हणणे निराळे आणि सिद्ध करणे निराळे. स्नोने काय केले? दक्षिण लंडनच्या काही भागांत दोन खासगी कंपन्या पाणी पुरवीत असत. एकाच रस्त्यावर एका घरात एका कंपनीचा नळ, तर शेजारच्या घरात दुसरीचा. गरीब-श्रीमंत, दाट वस्ती-विरळ वस्ती, हवा, धंदा हे सारे दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच, की लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपले पाणी उचलण्याचे ठिकाण थेम्स नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या घाणीपलीकडे नेले होते. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातले मैलामिश्रित पाणीच पुरवीत होती.

स्नोने ज्या घरात माणूस दगावला त्या घराला पाणी कोणाचे, याची दारोदार चौकशी केली व करविली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब त्याने पुढे मांडला तो असा : साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीची घरे ४०,०४६, मृत्यू १,२६३, लॅम्बेथ कंपनीची घरे २६,१०७, मृत्यू ९८. दर दहा हजार घरांमागे पहिल्या कंपनीकडे ३१५ मृत्यू, तर दुसरीकडे ३७. म्हणजे आठपटींहून अधिक फरक! पटकीचा जंतू तोवर वैद्यकीय जगात सर्वमान्य झालेला नव्हता. स्नोजवळ त्यावरचे औषध नव्हते. तरीही कोणते पाणी थांबविले असता माणसे वाचतील, हे त्याला सांगता आले. या विद्येचे सामर्थ्य एवढ्या एका उदाहरणात आहे. कारणाचे शेवटचे टोक हाती नसतानाही प्रतिबंधाचे टोक हाती घेता येते.

पुढे हे ज्ञान शिकविण्याची सोय झाली. १८७१ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात या विषयाची पदविका सुरू झाली. १९१६ साली रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या देणगीतून अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र विद्यालय स्थापन झाले. त्याच प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९३२ च्या डिसेंबरात कलकत्त्यास अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था उघडली. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला आणि डॉक्टराने केवळ रोग्याचा विचार न करता समाजाचाही करावा, यासाठी वैद्यकीय शिक्षणात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाला स्थान द्यावे, असे सांगितले. तरीही पुष्कळ वर्षे हे उच्च शिक्षण आपल्याकडे डॉक्टरांच्याच वाट्याला राहिले. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेतील अच्युत मेनन केंद्राने १९९७ साली एम.पी.एच. अभ्यासक्रम सुरू केला. पुढे इतर ठिकाणीही तो निघाला. मुंबईत देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनेही तो चालविला. आज देशातील अनेक संस्थांत परिचारिका, दंतवैद्य, आयुर्वेदाचे पदवीधर, समाजकार्याचे, अर्थशास्त्राचे, संख्याशास्त्राचे विद्यार्थी एकाच वर्गात बसून हा विषय शिकतात. आमच्या दृष्टीने ही फार मोठी घटना आहे, कारण त्यामुळे हे दार डॉक्टर न झालेल्यांनाही उघडले.

अंश आणि छेद

या अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे साथरोगशास्त्र. नावावरून ते केवळ साथींचे शास्त्र वाटते. परंतु आज त्यात हृदयविकार, कर्करोग, अपघात, कुपोषण अशा सर्वच आजारांचा समावेश होतो. या शास्त्राचा पहिला धडा आपण सर्वजण मराठी शाळेत शिकलेलो आहोत. अपूर्णांकात वर अंश असतो आणि खाली छेद. आजारी किती, हा अंश. कितीजणांतून, हा छेद. छेद विचारल्यावाचून अंशाला अर्थ नाही.

समजा, एका कारखान्यात दोन खाती आहेत. पहिल्या खात्यात पाचजण खोकतात, दुसऱ्यात चार. वरवर पाहता पहिले खाते अधिक रोगट वाटेल. परंतु पहिल्या खात्यात माणसे शंभर आणि दुसऱ्यात वीस असली, तर पहिल्यात शेकडा पाच आणि दुसऱ्यात शेकडा वीस असा हिशेब होतो. धोका कोठे आहे, हे लगेच कळते. इतकी साधी गोष्ट. पण वाटाघाटीच्या टेबलावर ती मांडणारा कोणी नसेल तर ‘सगळीकडेच थोडेफार खोकतात’ एवढ्यावर विषय मिटतो.

आता याच्या पुढची पायरी पाहू. आम्हाला ठाऊक असलेल्या एका कारखान्यात व्यवस्थापनाने एकदा कामगारांची छाती तपासून घेतली आणि आजाराचे प्रमाण शहरातल्या सर्वसाधारण लोकांपेक्षाही कमी आहे, असे जाहीर केले. आकडे खोटे नव्हते. मग चुकत काय होते? तपासणी झाली ती त्या दिवशी मस्टरवर असलेल्यांची. वाळूचा मारा करून ओतीव सामान साफ करणारे, म्हणजे ज्यांच्या नाकातोंडात सर्वांत जास्त धूळ जाते ते, ठेकेदाराकडचे. त्यांचे नाव कंपनीच्या मस्टरवर नाही. ज्याला जिना चढताना धाप लागू लागली, तो आधीच काम सोडून गावी निघून गेलेला. त्याचेही नाव नाही. नोकरीवर घेताना धडधाकट माणूसच घेतात, आणि जो टिकतो तोच धडधाकट असतो. तेव्हा कामावर असलेल्यांची प्रकृती सर्वसाधारण लोकांपेक्षा बरी दिसणारच. शास्त्रात या भ्रमाला नाव आहे; मराठीत आपण त्याला ‘निरोगी कामगाराचा आभास’ म्हणू. ज्याने हा धडा घेतला आहे, तो मस्टर पाहून स्वस्थ बसत नाही. गेल्या दहा वर्षांत कामावर आलेल्या प्रत्येकाची यादी करा, ठेकेदाराची माणसे तिच्यात धरा, सोडून गेलेल्यांच्या गावी जा, असे तो सांगतो. छेद पुरा झाल्याखेरीज न्याय पुरा होत नाही, हे आम्ही या शास्त्राकडून शिकलो.

माणसांना नीट प्रश्न विचारणे हाही याच शास्त्राचा भाग. सूतगिरणीतील पिंजणाच्या खात्यात कापसाची बारीक धूळ छातीत जाऊन जो रोग होतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात. नुसते ‘खोकला आहे का?’ असे विचारले तर तो दमा किंवा विडीचा खोकला म्हणून सहज निसटतो. परंतु ‘आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेल्यावर छाती आवळल्यासारखी होते का?’ असे विचारा, की रोग आपली ओळख देतो. आरंभी त्रास सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीच होतो. मग तो आठवडाभर होऊ लागतो. अखेरीस दम कायमचा जडतो. गिरणगावातल्या बाया नवऱ्याच्या ‘सोमवारच्या छाती’विषयी सांगत, तेव्हा त्या नकळत रोगाचे मुख्य लक्षणच सांगत होत्या. ते टिपून घेणारा शिकलेला माणूस मात्र जवळ असावा लागतो.

योगायोग, विडी आणि धूळ

दुसरा विषय संख्याशास्त्राचा. याच्या नुसत्या नावानेच पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. वस्तुतः त्यामागचा प्रश्न व्यवहारातला आहे : दिसलेला फरक खरा, की योगायोगाचा? नाणे दहादा उडवून सातदा छाप पडला म्हणून नाणे खोटे ठरत नाही. हजारदा उडवून सातशेदा छाप पडला तर मात्र संशय घ्यावा लागतो. दहा माणसांच्या तपासणीवरून केलेला आरोप मालकाचा वकील सहज उडवून लावतो. किती माणसे तपासली असता आरोप टिकेल, हे आधीच काढण्याचे गणित या विषयात शिकवितात.

याच्याच जोडीने गुंतागुंतीचा प्रश्न येतो. मालक म्हणतो, ‘धुळीने नव्हे, विड्या ओढल्याने खोकतात.’ हा आक्षेप नुसत्या घोषणेने उडवून लावता येत नाही, आणि तसा तो उडवूही नये. कारण विडीने छाती बिघडते हे खरेच आहे. उत्तर असे : विडी न ओढणारे निराळे काढा आणि त्यांच्यात धुळीच्या खात्यातले व बिनधुळीच्या खात्यातले तुलनेला घ्या. मग विडी ओढणाऱ्यांतही तशीच तुलना करा. दोन्ही ठिकाणी धुळीच्या खात्यात आजार अधिक निघाला, तर विडीचा बहाणा उरत नाही. विडीवर दोष ढकलण्याचा प्रयत्न अशा रीतीने शांतपणे मोडून काढता येतो.

धूम्रपानाचा दोषही याच रीतीने सिद्ध झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९५० साली रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे रोगी आणि इतर रोगी यांना त्यांच्या मागील सवयी विचारल्या व दोहोंची तुलना केली. ही झाली मागे वळून पाहण्याची पद्धत. १९५१ साली त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच पत्रे पाठवून त्यांच्या सवयी लिहून घेतल्या आणि पुढे वर्षानुवर्षे कोण कशाने मरतो याची नोंद ठेवली. ही पुढे पाहत जाण्याची पद्धत. पहिलीत वेळ व पैसा वाचतो, दुसरीत पुरावा अधिक भक्कम मिळतो. कोणत्या प्रश्नाला कोणती पद्धत, याचा विवेक हे या शिक्षणाचे एक मोठे फळ आहे.

धूळ थांबवावी की नाक बांधावे?

तिसरा विषय परिसराचा व कामाच्या जागेचा. इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्याने रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तुझा धंदा कोणता?’ हेही विचारावे, असे सांगितले. तीनशेहून अधिक वर्षे झाली. आपापल्या दवाखान्यात हा प्रश्न किती वेळा विचारला जातो, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

या विषयात उपायांचा एक क्रम शिकवितात, तो प्रत्येक कामगाराला पाठ असावा असे आम्हाला वाटते. धोकादायक पदार्थ वापरायचाच टाळता येतो का, हे पहिल्याने पाहावे. नसेल तर त्याच्या जागी कमी घातक पदार्थ आणावा. तेही शक्य नसेल तर यंत्राला बंदिस्त करावे, धूळ ओढून नेणारे पंखे बसवावे, दगड फोडताना पाणी मारावे. त्यानंतर कामाचे तास व माणसांची अदलाबदल यांची व्यवस्था. सर्वांच्या शेवटी तोंडावरचा मास्क. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. मास्क वाटला, फोटो काढला, की कर्तव्य संपले. गारगोटीच्या धुळीचे जे कण फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात ते डोळ्यांना दिसतही नाहीत. फडक्याने ते अडत नाहीत. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोका वाढतो. तेव्हा नाक बांधण्याआधी धूळ थांबवा, ही मागणी शास्त्राची आहे. संघटनेने ती केवळ उचलून धरायची आहे. १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा जीविताच्या मूलभूत हक्कात मोडतो असे सांगितले, आणि कामगाराची आरोग्यविषयक नोंद कामाला लागल्यापासून निदान ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. धूळ आज छातीत जाते आणि रोग वीस-तीस वर्षांनी उगवतो, हे शास्त्र न्यायालयापुढे आले म्हणूनच असा आदेश निघू शकला.

माणसे आणि कायदा

चौथा विषय समाजाचा व माणसांच्या वर्तनाचा. याची गरज आपल्या महाराष्ट्राला कोणी पटवून देण्याचे कारण नाही. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रोगी प्रथम ओळखले ते मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. शास्त्राच्या दृष्टीने हे मोठे पराक्रम. परंतु त्याच वर्षी पुण्यात काय झाले? गोरे सोजीर घरात शिरले, देवघरे व स्वयंपाकघरे तुडविली गेली, बायामाणसांची विटंबना झाल्याच्या तक्रारी उठल्या. आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. लोकांनी रोगी लपविले, कारण रोगापेक्षा बंदोबस्ताची भीती अधिक होती. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या मुलाच्या दवाखान्यात पोहोचवीत होत्या आणि त्याच सेवेत १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच वारल्या. एकाच शहरात, एकाच साथीत, आरोग्याची ही दोन रूपे दिसली. लोकांचा विश्वास हा उपाययोजनेचा भाग आहे, हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती चांगली लसही निकामी होते. २०२० च्या कोरोना साथीत हाच धडा आपण पुन्हा वाचला.

पाचवा विषय धोरणाचा व व्यवस्थापनाचा. रुग्णालय बांधण्याला पैसे मिळतात, पण परिचारिकांच्या जागा रिकाम्या का राहतात? १९४८ च्या कायद्याने आलेली व १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर-दिल्लीस सुरू झालेली कर्मचारी राज्य विमा योजना कोणाला लागू पडते आणि कोण तिच्याबाहेर राहतो? शासनाचा एक रुपया प्रतिबंधावर खर्च करावा की उपचारावर? अर्थसंकल्प वाचता येणे, योजना आखता येणे आणि ती फसली तर कोठे फसली हे मोजता येणे, हे या विषयात शिकवितात. याशिवाय विद्यार्थ्याला काही काळ प्रत्यक्ष क्षेत्रात काम करावे लागते व एखाद्या प्रश्नावर स्वतः पाहणी करून प्रबंध लिहावा लागतो. माणसांची संमती घेतल्याविना व नैतिक समितीची परवानगी मिळाल्याविना पाहणी करता येत नाही, हेही त्यात आलेच.

गडचिरोलीचा दाखला

हे सारे शिकून काय होते, असे कोणी विचारील. त्याला आम्ही गडचिरोलीचे उदाहरण देतो. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी वैद्यकातील पदव्युत्तर शिक्षण पुरे केल्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जाऊन सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि परत येऊन गडचिरोलीत काम मांडले. राणीताईंनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. शेकडा ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग असल्याचे आढळले. पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ होत्या. १९८९ साली हे ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात छापून आले. दवाखान्याच्या वहीत हा आजार दिसत नव्हता, कारण बाया दवाखान्यात येतच नव्हत्या. मघाशी सांगितलेला छेद येथे पुन्हा आठवावा.

पुढे त्यांनी ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची व्यवस्था केली आणि तुलनेसाठी ४७ गावे निराळी ठेवली. नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटले, असे १९९९ साली प्रसिद्ध झाले. ही तुलनेची गावे ठेवली नसती, तर ‘पाऊसपाणी बरे झाले म्हणून मुले वाचली’ असे म्हणायला कोणालाही मोकळीक होती. तुलना होती म्हणून शासनाला ऐकावे लागले. २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींतून ही पद्धत देशभर नेण्यात आली. थोडक्या शिकलेल्या गावच्या बाईने केलेले काम जगाला मान्य करायला लावणे, हे त्या हिशेबाच्या विद्येचे काम होय.

हे शिक्षण कोणी घ्यावे?

आता व्यवहाराच्या चार गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. गोड बोलून कोणाच्या मुलाचे नुकसान करणे आम्हाला मान्य नाही.

एक : एम.पी.एच. झालेला मनुष्य डॉक्टर होत नाही. त्याला औषध लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही. सामाजिक वैद्यकातील एम.डी. ही पदवी निराळी, ती एम.बी.बी.एस. झालेल्यांसाठी असते. दोहोंत गल्लत करणारी जाहिरात दिसली तर सावध व्हावे.

दोन : नोकऱ्या आहेत, परंतु सरकारी आरोग्यखात्यातील पुष्कळ अधिकारपदे डॉक्टरांसाठीच राखलेली असतात. इतरांना प्रकल्पांत, संशोधन संस्थांत, स्वयंसेवी संस्थांत, आरोग्य अभियानात काम मिळते. त्यांतील बरेचसे करारावरचे असते. करारावरच्या नोकरीचे दुखणे आम्ही आपल्याला निराळे सांगायला नको.

तीन : फी संस्थेगणिक फार कमी-अधिक असते. जमीन गहाण टाकण्यापूर्वी संस्थेला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे काय, शिकवणारे कायमचे आहेत काय, प्रत्यक्ष क्षेत्रकाम किती महिने आहे आणि मागील वर्षांचे विद्यार्थी आज कोठे आहेत, हे चार प्रश्न विचारावे. मागासवर्गीयांच्या शिष्यवृत्त्या कोणत्या लागू पडतात हेही लेखी विचारून घ्यावे.

चार : इंग्रजीची व गणिताची धास्ती. अध्यापन बहुधा इंग्रजीत होते, हे खरे. पण जो मुलगा हजेरीपट व पगारपत्रक तपासतो, जी मुलगी बचतगटाचे हिशेब ठेवते, त्यांना टक्केवारी व सरासरी परकी नाही. आणि एक गोष्ट त्यांच्याजवळ अशी असते, की जी कोणताही प्राध्यापक शिकवू शकत नाही. वस्तीत कोणत्या दाराशी जाऊन कोणता प्रश्न कोणत्या वेळी विचारावा, हे त्यांना ठाऊक असते. पाळीवरून आलेल्या माणसाला आंघोळ-जेवण होईपर्यंत प्रश्न विचारू नये, सासूपुढे सुनेला विचारू नये, ठेकेदाराच्या मुकादमासमोर कोणालाच विचारू नये; हे ज्याला कळत नाही त्याची पाहणी कागदावर कितीही शास्त्रशुद्ध असली तरी आतून पोकळ निघते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की परिचारिका, आशा कार्यकर्त्या, समाजकार्याचे पदवीधर, कामगारांची शिकलेली मुले यांनी हे शिक्षण घ्यावे, आणि संघटना, सहकारी संस्था व पतपेढ्या यांनी अशा एखाद्या विद्यार्थ्याचा भार उचलावा. कोर्टकचेरीसाठी संघटना वकील ठेवते. आजाराच्या हिशेबासाठी तिने एक शिकलेला माणूस का ठेवू नये?

आपल्याला करता येण्याजोगे एक काम

सर्वांनाच दोन वर्षे विद्यापीठात जाता येणार नाही. परंतु या विद्येला लागणारा कच्चा माल आपण प्रत्येकजण पुरवीत असतो, आणि तो बहुधा निष्काळजीपणे पुरवतो. घरात मृत्यू झाला की १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद करावी लागते. त्या अर्जात मृताच्या धंद्याविषयी विचारलेले असते. दुःखाच्या घाईत आपण तेथे ‘मजुरी’ किंवा ‘काही नाही’ असे लिहून मोकळे होतो. पंचवीस वर्षे दगडखाणीत सुरुंगाची भोके पाडलेला माणूस धापा टाकीत मरतो, आणि सरकारी कागदावर त्याचा धंदा ‘काही नाही’ असा राहतो! उद्या कोणी अभ्यासक शहरातील दगडफोड्यांचे मृत्यू मोजायला बसला तर त्याला अंशही सापडत नाही आणि छेदही सापडत नाही. आणि जे मोजता येत नाही त्यासाठी कायद्यापुढे उभे राहणे कठीण जाते.

तेव्हा आपल्या आळीत, आपल्या नात्यात असा प्रसंग आला, तर जो कोणी अर्ज भरायला जाईल त्याने एवढे करावे. ‘मजुरी’ न लिहिता कसली मजुरी ते लिहावे : दगडखाणीत भोके पाडणे, फाउंड्रीत साफसफाई, गिरणीत पिंजण, गटारसफाई, विडी वळणे. मरण्यापूर्वी काम सुटलेले असले तरी आयुष्यभर जो धंदा केला तो कारकुनाला सांगावा, आणि डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला लिहीत असेल तेव्हा त्यालाही तो न विचारता सांगावा. या कामाला फी लागत नाही, पदवी लागत नाही. रामाझिनीने वैद्यांना विचारायला सांगितलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण आपणहून दिल्यासारखे होईल. आणि उद्या आपल्यातलाच एखादा मुलगा ही विद्या शिकून परत येईल, तेव्हा त्याला हिशेब मांडायला काही तरी हाती लागेल.